'देवाघरी गेले' म्हणजे कुठे गेले?

धूलकोटच्या एका मराठी घरातील ही हकिकत आहे. २०२२ सालचा फेब्रुवारी महिना. घरातील वडीलधारे गृहस्थ निवर्तल्याला चार दिवस झाले होते. सकाळी उठून पाहतात तो देव्हाऱ्यातील सारे देव खाली काढून भिंतीलगत ओळीने मांडलेले, घंटा, शंख आणि निरांजन त्यांच्या शेजारी, आणि नऊ वर्षांचा नातू रिकाम्या देव्हाऱ्यात डोके घालून आत निरखून पाहतो आहे. सुतकाचे दिवस, देवांना कोणी हातही लावायचा नाही. काकांनी त्याला दोन चापट्या दिल्या. मुलगा रडला नाही. "आजोबा कुठून आत गेले?" एवढेच त्याने विचारले.

चार दिवस येणारे-जाणारे त्याला एकच वाक्य सांगत होते, "आजोबा देवाघरी गेले." त्याने ते वाक्य ऐकले, त्याचा अर्थ लावला आणि घरात देवाचे जे घर होते तेथे शोध घेतला. त्याच्या बाजूने पाहिले तर यात नेमकी चूक कोठे झाली, हे मला आजही सांगता येणार नाही.

स्मरणिकेच्या संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा लसीकरणावर लिहावे असे त्यांच्या मनात होते. लसीकरणावर मी यापूर्वी पुष्कळ लिहिले आहे आणि ते वाचून कोणी लस टोचून घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. म्हणून या वेळी या मुलाविषयी आणि त्याच्या निमित्ताने मला जे नव्याने शिकावे लागले त्याविषयी लिहितो. कुटुंबाची संमती घेतली आहे. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

मी बऱ्हाणपुरात व्यवसाय करतो आणि आठवड्यातून एक दिवस धूलकोटला जातो. हे कुटुंब दोन पिढ्यांपूर्वी रावेरकडून इकडे येऊन स्थायिक झालेले. थोडी शेती, किराणा मालाचे दुकान. मुलगा अडीच वर्षांचा असताना 'बोलत नाही' म्हणून त्याला माझ्याकडे आणले. श्रवणचाचणी करून घेतली. कान उत्तम होते. हाक मारली तर वळून पाहत नसे, मात्र शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरू लागला की दोन्ही कान गच्च धरून बसे. चौथ्या वर्षी स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे, निदान निश्चित झाले. साडेपाच-सहाच्या सुमारास तो वाक्ये बोलू लागला आणि घरातील सर्वांना वाटले की आता गाडी रुळावर आली. मलाही तसेच वाटले होते. मुलाला शब्द आले म्हणजे भाषा आली, अशी आपण डॉक्टर मंडळी सहज समजूत करून घेतो.

मी स्वतः या बाबतीत निर्दोष नाही. तो पाच वर्षांचा असताना त्रिगुणी लसीचा दुसरा बूस्टर डोस देण्याचा प्रसंग आला. पंचवीस वर्षे प्रत्येक मुलाला सांगत आलो तेच मी त्यालाही सांगितले, "काही नाही रे, एक मुंगी चावेल." सुई टोचली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो मुलगा अंगणात बसेना. मुंगी दिसली की किंचाळे. दंडावर बाही ओढून घेई. आईने मुंग्यांची पावडर घालघालून उंबरे पांढरे केले. या भयाचे मूळ माझ्या तोंडच्या एका वाक्यात आहे हे कोणाच्याही, अर्थात माझ्याही, ध्यानात आले नाही. ते पुढे कसे उघडकीस आले ते यथावकाश सांगतो.

वाच्यार्थात अडकलेली मुले

आपल्या संस्कृत साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. अकराव्या शतकातील मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त लक्षणेचे उदाहरण म्हणून गंगेवर वसलेल्या गौळवाड्याचा उल्लेख येतो. प्रवाहावर वाडा वसत नाही, तो काठावर वसतो, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. मम्मटाने लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत. प्रथम मुख्य अर्थाला बाध यावा लागतो, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ तेथे बसत नाही असे जाणवावे लागते. नंतर त्या मुख्य अर्थाशी नाते असलेला दुसरा अर्थ सापडावा लागतो. आणि हे सारे एकतर रूढीमुळे झालेले असते किंवा बोलणाऱ्याच्या काही हेतूमुळे.

महाविद्यालयात असताना मराठीच्या एका प्राध्यापकांनी हे फळ्यावर लिहून दिले होते, तेव्हा परीक्षेपुरते पाठ केले. पुढे तीस वर्षांनी एका स्वमग्न मुलाच्या केसपेपरवर मी तेच पुन्हा लिहिले. कारण या मुलांची अडचण कोणत्या पायरीवर आहे हे इतक्या थोड्या शब्दांत मला अन्यत्र कोठे मिळालेले नाही. पुष्कळ मुलांचे घोडे पहिल्याच पायरीवर अडते. मुख्य अर्थाला बाध आला आहे हे त्यांना जाणवत नाही. देव्हाऱ्यात माणूस मावत नाही याची शंका येण्याऐवजी तो कुठून शिरला असेल याचा शोध सुरू होतो. काहींना बाध जाणवतो, पण दुसरा अर्थ शोधण्यास लागणारा शब्दसंग्रह नसतो. आणि बोलणाऱ्याच्या मनात काय आहे हे ताडणे, म्हणजे तिसरी पायरी, तर सर्वांत अवघड.

आधुनिक वैद्यकानेही आरंभापासून हे टिपलेले आहे. बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करणारा जो निबंध लिहिला, त्यातून स्वमग्नतेच्या अभ्यासाला सुरुवात झाली. त्यातील एका मुलाला वडिलांनी 'होय' म्हणायला शिकवले ते खांद्यावर घेण्याचे आमिष दाखवून. पुढे कितीतरी काळ 'होय' या शब्दाचा त्याच्या लेखी 'मला खांद्यावर घ्या' एवढाच अर्थ राहिला. दुसऱ्या एका मुलाने, चित्रे भिंती'वर' नसून भिंती'जवळ' आहेत अशी वडिलांची दुरुस्ती केली. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेची पाचवी आवृत्ती निघाली. तिने 'सामाजिक संवादाचा दोष' असे एक वेगळे निदान दिले आणि वाक्प्रचार, विनोद, रूपके न उमगणे हे त्याचे एक लक्षण म्हणून नोंदवले.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. वाक्प्रचार समजणे ही सर्वच मुलांत सावकाश येणारी गोष्ट आहे. शालेय वयात ती वाढत जाते आणि किशोरवयापर्यंत वाढतच राहते. चार वर्षांच्या पोराने 'पोटात कावळे' ऐकून पोटाला कान लावला तर ती गंमत आहे, लक्षण नव्हे. श्रवणदोष, बौद्धिक वाढीतील उणीव, भाषाविकासातील दोष यांतही हीच अडचण दिसते. तेव्हा एवढ्यावरून कोणी कोणाच्या कपाळी शिक्का मारू नये.

आपलीच भाषा

या मुलामुळे मी स्वतःचे बोलणे ऐकू लागलो आणि थक्क झालो. आपल्या दवाखान्यातील मराठी ही जवळजवळ संपूर्णपणे लाक्षणिक आहे. डोळे येतात, तोंड येते, घसा बसतो, कान फुटतो, नाक वाहते, अंग मोडून येते, पोट धरते आणि पोट सुटतेही. डोळे आले म्हटल्यावर या मुलाने आरशात पाहून 'आधी कुठे होते?' असे विचारले होते. आणि घरातील बोली त्याहून वळणदार. नारळ फोडायचा तर 'वाढवा' म्हणायचे. धडा मुखोद्गत करायचा तर 'पाठ' करायचा. पाहुणा उठून जाताना म्हणतो, "येतो." हा मुलगा अशा प्रत्येक पाहुण्याच्या मागे दारात जाऊन उभा राही आणि तो परत येत नाही हे पाहून अस्वस्थ होई. मामा गेल्यावर तो दोन तास दारात उभा होता, असे त्याची आई सांगते. दाराचे त्याला वेड आहे अशी तिची समजूत होती.

आपण सीमेवरची माणसे, त्यामुळे त्यात आणखी एक गुंता. घरी खानदेशी वळणाची मराठी, शाळेत हिंदी, दुकानात गिऱ्हाइकांशी निमाडी आणि बारेली. आपल्या मुलांना हे सारे विनासायास पेलते. त्यात त्यांचा फायदाच होतो. स्वमग्न मुलांनाही दोन भाषांमुळे अपाय होतो असे नाही, आणि 'घरी मराठी बंद करा, फक्त हिंदीत बोला' हा सल्ला जे देतात ते चूक करतात, हे मी स्पष्टपणे नमूद करतो. पण प्रत्येक शब्द ठोकून बसवणाऱ्या मुलाला शाळेच्या भिंतीवर 'शिक्षा' हा शब्द दिसतो तेव्हा काय होत असेल? हिंदीत ते शिक्षण. घरच्या मराठीत तो मार. एकदा वर्गात कोणीतरी रागाच्या भरात हिंदीत त्याला 'उद्यापासून शाळेत येऊ नकोस' असे म्हटले. तो गेला नाही. आठ दिवस दप्तर भरून घरी बसून राहिला, कारण तसे सांगितलेले होते. घरच्यांनी आळशी म्हटले, शाळेने हट्टी म्हटले.

पडद्यावरची शिकवणी

धूलकोटसारख्या ठिकाणी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ मिळणे शक्य नव्हते. इंदूरला किंवा जळगावला न्यायचे म्हणजे वडिलांचे दुकान बंद आणि सारा दिवस जाण्यायेण्यात. शिवाय बसच्या गर्दीने बिथरलेले मूल तेथे पोहोचल्यावर तासभर तोंड उघडत नसे. मग २०२० साल उजाडले. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच दिवशी भारत सरकारची दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा प्रथमच दूरध्वनीच्या पडद्यावर रुग्ण पाहिला. या कुटुंबानेही एका मोठ्या शहरातील केंद्राची ऑनलाइन शिकवणी लावली.

ती वर्षभर चालली आणि तिचा उपयोग झाला नाही. शिकवणाऱ्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. दोष सामग्रीत होता. त्यांच्याकडे इंग्रजी वाक्प्रचारांची छापील चित्रे होती आणि त्यांचे हिंदी भाषांतर करून ते शिकवीत. आकाशातून कुत्री-मांजरे पडत असल्याचे चित्र दाखवून 'म्हणजे जोराचा पाऊस' असे त्याला पाठ करविण्यात आले. ज्या घरात हे वाक्य जन्मात कोणी उच्चारणार नाही, त्या घरातील मुलाला ते शिकवून साधायचे काय? एवढे मात्र झाले, की पाऊस आला की तो अंगणात कुत्री शोधू लागला.

देव्हाऱ्याच्या प्रसंगानंतर आईने मला फोन केला. "डॉक्टरसाहेब, याला मारून काही होणार नाही, हे मला कळतं. पण काय करायचं ते सांगा." मला ठाऊक नव्हते. मी चौकशी करीत गेलो आणि पुण्यात नोकरी करणारी, मूळची खानदेशातील एक तरुण उपचारतज्ज्ञ सापडली. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, असे ठरले. धूलकोटच्या त्या घरात मोबाइलला पुरेशी रेंज मिळते ती गच्चीवरच्या खोलीत. तेथे एक स्टूल, स्टुलावर डब्याला टेकवलेला फोन, समोर मुलगा आणि त्याच्या शेजारी आजी. आजीला बसविण्याचा आग्रह उपचारतज्ज्ञ बाईंचा. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आजी, शिकवायचं तुम्हालाच आहे. मी फक्त बघणार." आजी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी माझ्याकडे तक्रार केली, "भाऊ, पैसे त्या बाईंना द्यायचे आणि काम मी करायचं?" पण त्या बसल्या.

छापील चित्रे बंद झाली. शंभर पानी एक वही आणली. घरात दिवसभरात जे वळणाचे बोल कानी पडतील ते आजींनी लक्षात ठेवायचे आणि आईने लिहायचे. प्रत्येक बोलाला एक पान, मध्ये उभी रेघ. डाव्या बाजूला शब्द जे सांगतात त्याचे चित्र, उजव्या बाजूला माणसाला जे म्हणायचे होते त्याचे. चित्रे मुलाने काढायची. 'पोटात कावळे ओरडतात' याच्या डाव्या बाजूला त्याने अकरा कावळे काढले, कारण दहा म्हणजे कमी आणि बारा मावत नव्हते. उजव्या बाजूला ताट. चित्र झाले की बाई पडद्यावरून एकच प्रश्न विचारीत, "डावीकडचं खरंच होऊ शकतं का?" हा प्रश्न म्हणजे मम्मटाचा मुख्यार्थबाध होय, हे त्यांना मी सांगितले तेव्हा त्या हसल्या. त्यांच्या अभ्यासक्रमात मम्मट नव्हता.

अर्थ पाठ करून घेण्यावर त्यांचा भर नव्हता. तोच बोल त्या आठवड्यात घरातील तीन निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या प्रसंगी, मुद्दाम वापरायचा. म्हणजे तो एकाच माणसाला किंवा एकाच जागेला चिकटत नाही. आणि मुलाला एक प्रश्न शिकविला गेला, जो या साऱ्या खटाटोपाचे सार आहे असे मला वाटते : "सरळ बोल की वळणाचा?" शंका आली की त्याने हे विचारायचे. कोणालाही, कितीही वेळा. ज्याला विचारले त्याने हसायचे नाही, चिडायचे नाही, उत्तर द्यायचे. घरातील सर्वांना हे बंधन होते, काकांनाही. मराठीतील वाक्प्रचार काही हजार असतील. ते सारे या मुलाला शिकविणे अशक्य आहे आणि निष्फळही. येथे काहीतरी वळण असावे एवढा संशय येणे आणि तो विचारण्याची मुभा असणे, एवढे मिळाले तरी त्याचे बरेच काम भागते.

'देवाघरी गेले' हा बोल मात्र बाईंनी लगेच वहीत घेऊ दिला नाही. आधी सरळ सांगा, म्हणाल्या. घरात ते कोणाच्याने होईना. अखेर आजींनीच सांगितले : आजोबा मरण पावले. त्यांचा श्वास थांबला. ते आता परत येणार नाहीत आणि कुठे शोधले तरी दिसणार नाहीत. मुलाने तीन वेळा विचारले आणि आजींनी तीन वेळा त्याच शब्दांत उत्तर दिले. देव्हाऱ्याचा शोध त्या दिवसापासून थांबला. सुमारे सात महिन्यांनी त्यानेच विचारले, की लोक देवाघरी म्हणतात ते वळणाचे का? तेव्हा त्याचे पान झाले. डावीकडे त्याने देव्हारा काढला. उजवीकडे आजोबांची खाट काढली, रिकामी. उशी आणि घडी घातलेली चादर मात्र तपशीलवार.

मुंगीचे पानही त्याच वहीत आहे. 'मुंगी चावेल' हा बोल त्याने स्वतः सांगितला आणि कोण म्हणते या प्रश्नावर माझे नाव घेतले. उजवीकडे इंजेक्शन आहे. ते पान आईने मला दाखविले तेव्हा अंगणातल्या त्या वर्षाचा उलगडा झाला. मी आता कोणत्याही मुलाला मुंगी सांगत नाही. "सुई टोचणार आहे, दुखेल, पाच आकडे मोजेपर्यंत थांबेल," असे सांगतो. इतर मुलेही पूर्वीपेक्षा कमी रडतात असा माझा अनुभव आहे. अर्थात हा एका डॉक्टरचा अनुभव, त्याला पुरावा म्हणू नये.

पुराव्याचे म्हणाल तर तो आशादायक आहे, पण थोडा आहे. फ्रान्सेस्का हॅपे यांनी १९९३ साली स्वमग्न व्यक्तींच्या रूपक आणि उपरोध समजण्याचा संबंध दुसऱ्याचे मन ओळखण्याच्या क्षमतेशी जोडला. कोर्टनी नॉर्बरी यांनी २००५ साली दाखविले की रूपक समजण्यासाठी शब्दार्थांचे ज्ञान त्याहूनही महत्त्वाचे ठरते. २०१८ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यातही हेच सूचित झाले : भाषेची पातळी सारखी असलेली मुले निवडली की स्वमग्न आणि इतर मुलांमधील तफावत बरीच कमी होते. आपल्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. मुलाच्या मूळ भाषेवर, शब्दांवर काम केले पाहिजे, आणि तो शब्दसाठा घरच्या भाषेत असतो. शिकविल्याने फरक पडतो का? इस्राएलमधील माशल आणि कासिरेर यांनी २०११ साली विचारांचे नकाशे काढून घेऊन मुलांची रूपकांची समज वाढल्याचे नोंदविले. २०१२ सालच्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात, अनेक उदाहरणांतून शिकविलेली मुले न शिकविलेली रूपकेही उलगडू लागली. मुले मात्र तीनच होती.

आजींच्या हाती शिकवणी देण्याच्या कल्पनेलाही आधार आहे, आणि तो आपल्या बाजूचाच आहे. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडी येथील संशोधकांनी मिळून ६५ स्वमग्न मुलांवर एक चाचणी केली. ती २०१६ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त प्रसिद्ध झाली. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी पालकांना मार्गदर्शन केले आणि मुलांनी आपण होऊन संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. त्या चाचणीचा वाक्प्रचारांशी संबंध नव्हता आणि ती ऑनलाइनही नव्हती. पण मोठ्या शहरातील तज्ज्ञ उपलब्ध नसेल तेव्हा घरचे माणूस उपचाराच्या केंद्रस्थानी येऊ शकते, एवढे ती निश्चित दाखविते.

पडद्यावरील उपचाराच्या मर्यादाही मी पाहिल्या आहेत. उपरोध शिकविताना तो पुरता फसला. "वा, मोठा शहाणाच आहेस!" हे वाक्य प्रशंसेचे की टोमण्याचे, ते आवाजावरून आणि चेहऱ्यावरून ठरते. धूलकोटच्या रेंजवर आवाज आधी येतो आणि चेहरा मागून. शेवटी वडिलांनी दुकानात बसून अशा वाक्यांचे स्वतःचे छोटे चित्रफितीचे तुकडे केले आणि ते फोनवर पुन्हा पुन्हा दाखविले. शिवाय चौकटीबाहेर काय चालले आहे ते पडद्यावरच्या माणसाला दिसत नाही. काकांचा चेहरा कित्येक महिने चौकटीबाहेरच होता. दुसरीकडे, घरची खोली, घरची माणसे आणि मोठ्या माणसाचा चेहरा हातभर लांब आणि वीतभर आकाराचा, हे या मुलाला मानवले. प्रत्यक्ष भेटीत त्याने त्या बाईंकडे पाहिले असते की नाही, मला शंका आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. हा मुलगा फार पूर्वीपासून मधूनच "गिरणी चालू आहे" असे म्हणे. रात्री म्हणे, लग्नात म्हणे, गिरणीला सुट्टी असेल त्या दिवशीही म्हणे. घरच्यांनी आणि मी ते असंबद्ध बोलणे म्हणून सोडून दिले होते. वहीचे काम सुरू झाल्यावर वर्षभराने आजींच्या लक्षात आले, की गोंगाट, गर्दी किंवा रागावणे त्याला असह्य झाले की तो हे म्हणतो. लहानपणी कान धरून बसायला लावणारी ती शेजारची गिरणी. म्हणजे मुख्यार्थबाध आहे, कारण गिरणी बंद आहे, नाते आहे, हेतूही आहे. ज्याला लक्षणा समजत नाही म्हणून आपण शिकवीत होतो, त्याने स्वतःची एक लक्षणा घडविली होती आणि ती आपल्यालाच समजत नव्हती. कॅनर यांनी १९४६ साली नेमक्या याच विषयावर दुसरा निबंध लिहिला होता. त्यातील एक मुलगा पातेले दिसले की एका बालगीतातले दोन शब्द उच्चारी. तो दोन वर्षांचा असताना आई ते गीत म्हणत होती आणि तिच्या हातून पातेले पडले होते. हा प्रसंग ठाऊक नसेल त्याला ते बोलणे निरर्थकच वाटणार. वहीत आता गिरणीचेही पान आहे. ते घरच्या माणसांसाठी आहे आणि त्यावर काकांनी सही केली आहे.

मित्रहो, आपल्यापैकी ज्यांच्याकडे अशी मुले येतात त्यांनी व्यवहाराची बाजूही पाहावी. १९९५ च्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातील २१ प्रकारांत ती आहे. प्रमाणपत्रासाठीचे भारतीय मूल्यमापन कोष्टक उपलब्ध आहे. जिल्हा रुग्णालयाच्या बालविकास केंद्रातही पाठवावे. घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबाला ऑनलाइन शिकवणी सुचविताना मी आता दोनच गोष्टी विचारतो. शिकविणाऱ्याला मुलाच्या घरची बोली कळते का, आणि शिकवणीच्या वेळी शेजारी घरचे कोण बसणार? फी किती, प्रमाणपत्रे किती, हे त्यानंतर.

मुलगा आता तेराव्या वर्षात आहे. शिकवणी आठवड्यातून एकदाच असते. वही तिसरी चालू आहे. टोमणे अजून कळत नाहीत. शाळेतील मुले त्याचा फायदा घेतात, तेही पूर्ण थांबलेले नाही. गेल्या महिन्यात त्याचे डोळे आले होते म्हणून आजी त्याला घेऊन आल्या. मी औषध लिहून दिले, थेंब कसे घालायचे ते सरळ शब्दांत सांगितले. दोघे उठली. दारात त्याने मला सांगितले, "जातो."

"जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं," आजी म्हणाल्या.

तो थांबला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहून म्हणाला, "बारा तारखेला येतो. आत्ता जातो."